एथेल मे डावीकडे कलते

नॉर्बरीच्या पुलाजवळ, कालव्यावर
९ ऑक्टोबर १९९७

प्रिय म्युरिएल,

तुझं पत्र मिळालं. इथल्या दुकानदारीणबाईंनी ते चार दिवस चीजच्या कपाटात जपून ठेवलं होतं, त्यामुळे तुझ्या सांत्वनाला जरा वास येतोय. तरी वाचलं, दोनदा.

आधी माफी मागते. विल्फला न्यायला माणसं आली तेव्हा मी हसले, ते तुला फार लागलं असं लिहितेस. अगं पण तू होतीस ना तिथे! तुझ्या भावाने ही बोट आतून स्वतःच्या हाताने बांधली. बोट कसली, बोळच. सात फूटसुद्धा रुंद नाही. त्यात पलंग, कपाटं, चूल, सगळं इंच इंच मोजून बसवलं आणि आपण एवढे अगडबंब, शेवटी बाहेर कसे निघणार, याचं माप काही घेतलं नाही. मग काढला बाजूच्या खिडकीतून. त्यात एक काळ्या कोटातला सटकला आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा. तशा अवस्थेत त्याने टोपी काढली आणि मला म्हणाला, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, मॅडम." मी हसले. विल्फ तर त्या खिडकीतच अडकून हसला असता.

आणि पाद्रीबाबांना तू सांगितलंस की जाताना त्याच्या तोंडी आईचं नाव होतं. बाई, मी शेजारी बसले होते. स्टेक-किडनीची पाई संपवून, खुर्चीत रेलून तो म्हणाला, "कस्टर्ड उरलंय का?" मी बघायला उठले, वळले, तोवर गेला. कस्टर्ड उरलं होतं, हेच मला लागून राहिलंय.

तुझ्या मागच्या खोलीचं म्हणशील तर आभार, पण नको. बावीस वर्षं पाण्यावर राहिलेय. घर हलत नसेल तर मला झोप लागणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. बोट कललीय. ही बोट म्हणजे तराजू आहे. विल्फची खुर्ची दाराशी, उजव्या बाजूला. पलंगावरची त्याची बाजूही उजवीच. त्याच्या वजनाला तोल म्हणून त्याने डाव्या बाजूला, तळाच्या फळ्यांखाली ओझं भरून ठेवलं होतं. आता तो गेला आणि ओझं राहिलं. तव्यातलं अंडं डावीकडे पळतं, कपाटाचं दार आपोआप उघडतं. बोटीला तुझ्या आईचं, एथेल मेचं, नाव दिलं तेव्हा तू नाक मुरडलं होतंस. आता बघ, जन्मभर उजव्यांना मत देणारी बाई म्हातारपणी डावीकडे झुकली.

पूर्वीही कलायची. तो पेपर आणायला गेला की कलायची, आणि परत येऊन खुर्चीत बसला की धक्का बसून सरळ व्हायची. मी चुलीपाशी पाठमोरी असायचे. मागे न बघता म्हणायचे, "बूट काढ आधी," आणि चहा टाकायचे. आता दिवसभर तशीच कललेली राहते. ते मला सहन होत नाही, म्युरिएल. बाकी सगळं ठीक आहे.

तुझी भावजय,
हेटी

*

स्टॅफर्ड
१६ ऑक्टोबर

प्रिय हेटी,

पाद्रीबाबांना मी काय सांगायला हवं होतं? कस्टर्ड? चर्चमध्ये आमच्या मंडळातल्या निम्म्या बायका बसल्या होत्या. हे मंडळ म्हणजे मंगळवारी हॉलमध्ये भरतं ते, वजन उतरवणाऱ्यांचं. मी सध्या सगळ्यांत पुढे आहे. गेल्या आठवड्यात टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी. विल्फला मी कितीदा म्हटलं होतं की माझ्याबरोबर चल. तो म्हणायचा, मी डाएटवरच आहे. होता म्हणे, दर वर्षी जानेवारीत.

बोट कललीय तर त्यात रडण्यासारखं काय आहे? त्याच्या खुर्चीवर काहीतरी जड ठेव. कोळशाची दोन पोती ठेव. माझ्या भावाच्या जागी कोळसा ठेव म्हणतेय, असा अर्थ काढू नकोस. तू काढशील, म्हणून आधीच सांगते.

खोलीचा नीट विचार कर. इथे सगळं सपाट आहे. नळाला पाणी आहे, संडासाचा डबा हातात घेऊन चालत जावं लागत नाही. तू पासष्टीची झालीस. हिवाळ्यात त्या निसरड्या काठावरून कोळसा ओढताना पडलीस, तर कोणाला कळणार? बदकांना? मला सोबत हवीय म्हणून बोलावत नाही, खोली वाया जाते म्हणून सांगतेय.

इथे तसं ठीक आहे. शेजारच्या पार्जेटरशी अजून बोलत नाही. अकरा वर्षं झाली. माझ्या गुलाबांच्या वाफ्याभोवती निळ्या विटांची किनार आहे ना, दर नाताळानंतर तिच्यातल्या दोनतीन विटा नाहीशा होतात. त्याच्याशिवाय कोण नेणार? दोन वर्षांपूर्वी मी प्रत्येक विटेवर खालच्या बाजूने पांढरा ठिपका काढून ठेवला. एकदा त्याच्या अंगणात सापडू दे, मग बघते.

जेवत जा.

म्युरिएल

*

चेस्वार्डीनच्या खाली
२६ ऑक्टोबर

प्रिय म्युरिएल,

बोट पुढे आणलीय. पंधरवड्याच्या वर एका जागी थांबलं की कालव्याचा माणूस येऊन खिडकीवर टकटक करतो. नवरा गेलाय म्हटलं तर म्हणाला, फार वाईट झालं, पण पुढच्या पुलापर्यंत तरी सरका. सुकाणू मला येतं, त्याची काळजी करू नकोस. विल्फला पोहे खाता खाता झोप लागायची तशी सुकाणू धरूनही लागायची, त्यामुळे निम्मा कालवा मीच हाकलाय. पोहे म्हणजे आपल्या लापशीच्या जागी खायचा हलका नाश्ता गं. तांदळाच्या दुकानातली मीनाबाई शिकवून गेली तेव्हापासून सकाळी तो तेवढेच खायचा.

तुझा कोळसा ठेवला. दोन पोती, खुर्चीत, एकावर एक. बोट सरळ झाली, अगदी साळसूद. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पोत्याला विचारलं, चहा घेणार का. तिसऱ्या दिवशी त्याच्याशी भांडले. आणि मग थंडी पडली. घरात दुसरा कोळसा नाही, कोळशाची बोट अजून आलेली नाही, तर करते काय? त्यातलाच जाळला. रोज एक बादली. रोज बोट थोडी थोडी पुन्हा कलत गेली. विल्फला मी एका दुपारी घालवलं होतं, कोळशाला आठवडाभर घालवत बसले. पुन्हा असला सल्ला देऊ नकोस.

येणारेजाणारे काठावरून सांगतात, "बाई, तुमची बोट कललीय." जसं काही मला माहीतच नाही, मी मजेत उतारावर राहतेय. काल एकाला म्हटलं, बोट सरळच आहे, कालवा वाकडा आहे. तो खरोखर वाकून बघायला लागला.

पण थकले गं. पलंगावर मी खालच्या बाजूला भिंतीला चिकटलेली असते आणि त्याची बाजू वर, रिकामी. सकाळी उठले की पहिलं तेच दिसतं. तू म्हणतेस ते बरोबर असेल. बघ कोणी घेणारा मिळाला तर. मागच्या खोलीत माझी चूल मात्र मावणार नाही, ती कुठे ठेवशील?

हेटी

*

स्टॅफर्ड
३ नोव्हेंबर

प्रिय हेटी,

शेवटी अक्कल आली म्हणायची. मी लगेच कामाला लागले. गिऱ्हाईक मिळालंय. माझे दाताचे डॉक्टर. त्यांना रविवारी बसून चित्रं काढायला बोट हवीय. माझ्या तोंडात दोन हात घालून त्यांनी सगळी चौकशी केली आणि मी तशीच हो हो म्हणत राहिले. त्यांची अट एकच, बोट सरळ हवी. वाकडी गोष्ट त्यांना बघवत नाही, धंदाच तो. फळ्या उचलून ते ओझं काढून टाक. तेवीस तारखेला, रविवारी, ते बघायला येतील.

मागच्या खोलीला पडदे शिवायला टाकलेत. पिवळे की निळे, ते विचारायचं राहिलं, म्हणून पिवळे घेतले. चुलीचं आपण बघू. शेडमध्ये ठेवू आणि तू तिला भेटायला जात जा.

काल सकाळी मी टेबलावर दोन कप मांडले. अजून तू आली नाहीयेस हे लक्षातच आलं नाही. सवय करायला हवी म्हणून मांडले असतील. दुसरं काही कारण नाही.

मंडळात या आठवड्यातही पहिली आले.

म्युरिएल

*

टायर्ली, कालव्यावर
१२ नोव्हेंबर

प्रिय म्युरिएल,

खाली बस. चहा घे हातात. नको, हातात काही घेऊ नकोस.

काल फळ्या उचलल्या. सगळ्यांत खाली दगडी फरश्या आहेत, बोट बांधली तेव्हा घातलेल्या, त्या मला माहीत होत्या. पण त्यांच्यावर विटा आहेत. लाल विटा, पिवळ्या विटा, कोणाच्या तरी न्हाणीघरातली पांढरी, एक अर्धी मोडकी. यांचं त्याने कधी नाव काढलं नव्हतं. ढिगाकडे बघत बसले आणि हळूहळू डोक्यात उजेड पडला.

तुझा भाऊ दर जानेवारीत डाएट करायचा. मी गाजरं किसायचे. तो गाजरं खायचा आणि मग पेपर आणायला जायचा, आणि पेपर आणायला त्याला तासभर लागायचा, बेकरीच्या वाटेने. मी म्हणायचे, विल्फ, शर्टाची बटणं ताणली जातायत. तो म्हणायचा, धुऊन धुऊन शर्ट आटला. मी म्हणायचे, खुर्ची करकरते. तो म्हणायचा, हेटी, मी जाड झालो असतो तर बोट उजवीकडे कलली असती की नाही? बघ, पाण्याचा पेला ठेवून बघ. मी पेला ठेवायचे. पाणी अगदी सरळ! बोट खोटं कशाला बोलेल? कुठलीही शहाणी बाई नवऱ्यावर विश्वास ठेवणार नाही, पण बोटीवर राहणारी बाई बोटीवर ठेवते.

आणि हा माणूस जेवढा फुगायचा तेवढी वीट आणून हळूच डावीकडे सरकवायचा. माझ्याच बाजूला, माझ्याच पलंगाखाली. वर्षानुवर्षं मी त्याच्या पाईंवर झोपलेय.

आता खरी गोष्ट. त्यात निळ्या विटा आहेत. बऱ्याच. उलट्या करून पाहिल्या. काहींवर पांढरा ठिपका आहे.

नाताळात आम्ही तुझ्याकडे यायचो. तू वाढायचीस, तो खायचा. परत निघताना त्याची बॅग जड असायची आणि मला वाटायचं, तू केक बांधून दिलास. म्हणजे तुझा टर्कीही खाल्ला आणि त्याचा तोलही तुझ्याच बागेतून नेला. पार्जेटरचं काय करायचं ते तू बघ.

दाताच्या डॉक्टरांसाठी म्हणून मी एक वीट बाहेर काढली. बोट जराशी सावरली. पेल्यातलं पाणी हललं. आणि मी ती वीट झटकन परत ठेवली. मला जमत नाही, म्युरिएल. एक वीट काढायची म्हणजे त्याचा एक नाताळ काढायचा. सगळ्या काढल्या की बोट सरळ होईल, आणि तो इथे कधी बसलाच नव्हता असं होईल. हे मी माझ्या हाताने करणार नाही. तुझ्या विटा आहेत, तू ये आणि काढून ने.

हेटी

*

स्टॅफर्ड
१७ नोव्हेंबर

हेटी,

चोर. मेला नसता तर मी मारला असता.

पार्जेटरकडे केक घेऊन गेले. अकरा वर्षांनी त्या घराची घंटा वाजवली. सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्याला वाटत होतं, मी त्याच्या कुत्र्यामुळे बोलत नाही. कुत्रा मरून आठ वर्षं झाली. त्याने दुसरा आणला नाही, मला त्रास नको म्हणून. मला कुत्रे आवडतात, हेटी.

शनिवारी येतेय, विटा न्यायला. त्याची गाडी आहे, तो सोडतो म्हणाला. रविवारी डॉक्टर येतील तेव्हा बोट सरळ असेल. तुला जमत नसेल तर मी काढीन. माझं मन घट्ट आहे.

म्युरिएल

*

स्टॅफर्ड
२५ नोव्हेंबर

प्रिय हेटी,

शनिवारबद्दल आपण दोघी तिथे काहीच बोललो नाही, म्हणून लिहितेय. फोनवर मला हे बोलता येणार नाही, आणि तुझा फोन पुलाखाली लागतही नाही.

पार्जेटर गाडीत थांबला. मी काठावरून चालत आले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त विटा होत्या. काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. आत शिरले, गुडघे दुखत होते, पहिली दिसली त्या खुर्चीत बसले. बोटीला धक्का बसला आणि ती सरळ झाली. कपाटाचं दार मिटल्याचा आवाज मी ऐकला.

तू चुलीपाशी होतीस, माझ्याकडे पाठ करून. मागे न बघता तू म्हणालीस, "बूट काढ आधी."

मी बूट काढले. एवढ्या वर्षांत तुझं पहिल्यांदा ऐकलं. तोंडातून शब्द निघाला असता तर तुला कळलं असतं की मी आहे, तो नाही. म्हणून मी गप्प राहिले. तू चहाचं आधण ठेवलंस. मग तुझा हात थांबला. तू वळलीस तेव्हा मला वाटलं, आता ही किंचाळेल. तू आधी माझ्याकडे बघितलंस, मग तव्याकडे. अंडं मधोमध होतं.

विल्फच्या अंत्यविधीला मी रडले नाही. चारचौघांत रडणं मला शोभत नाही असं मला वाटतं. तुझ्या त्या बोळात, फाटका मोजा वर करून, तुझं अंडं खाता खाता रडले. तूही रडलीस आणि हसलीस, आणि या वेळी तुझ्या हसण्याचा मला राग आला नाही. तो माझा एकुलता एक भाऊ होता, हेटी. मला त्याची फार आठवण येते. हे लिहायला मला दोन महिने लागले.

आता दुसरं. मंडळातला माझा आकडा खरा नाही. काट्यावर उभी राहते तेव्हा मी खिडकीची कड धरते. त्या बाई चष्मा शोधत असतात, त्यांना दिसत नाही. बोटीला मात्र दिसलं. घरी येऊन मी आरशासमोर बाजूने उभी राहिले. विल्फच आहे गं, फक्त गुलाबी स्वेटरमधला.

दाताच्या डॉक्टरांना रविवारी सकाळीच फोन करून सांगितलं की बोटीत उंदीर आहेत. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. विटांचं तुला माहीत आहे. मी काढलेल्या तीन मी स्वतःच परत ठेवल्या. ठिपके वर करून ठेवल्यात, म्हणजे कोणाच्या आहेत त्यात घोळ नको.

पिवळे पडदे लावलेत. फार थंडी पडली तर ती खोली आहे. पण दर महिन्याला एका शनिवारी मी येत जाईन, पार्जेटर सोडेल. त्याने कुत्रा बघून ठेवलाय. तुझी हरकत नसेल तरच येईन. मला सोबत हवीय म्हणून विचारतेय.

म्युरिएल

*

मार्केट ड्रेटनच्या अलीकडे
३० नोव्हेंबर

प्रिय म्युरिएल,

हरकत कसली? पहिला शनिवार धर. चर्चच्या मागे पूल आहे, त्याच्या खाली असेन. पार्जेटरला गाडीत बसवून ठेवू नकोस, त्याला आत आण, पण डावीकडे बसव. तो किडकिडीत आहे, चालेल. कुत्रा मधे.

मीनाबाई आणि पोह्यांचं मी लिहिलं होतं, त्यावर तू काहीच बोलली नाहीस. ते खोटं होतं. विल्फ सकाळी पोहे खात नव्हता, बेकन खायचा, आणि मीनाबाई नावाची कोणी बाई नाही. तो किती कमी खायचा हे तुला पटावं म्हणून रचलं. त्याच्या मरणानंतरही मी त्याचं डाएट सांभाळत होते.

पलंगावर अजून उतार आहे. पण आता महिन्यातून एक दिवस सरळ होणार हे माहीत असलं की भिंतीला चिकटून झोपायला फार वाईट वाटत नाही.

अंडी आणून ठेवलीत, बेकनही, आणि तुझ्यासाठी पाई सांगून ठेवलीय. कस्टर्ड भरपूर करीन, या वेळी आधीच टेबलावर ठेवीन. आणि म्युरिएल, ते मंगळवारचं मंडळ आजपासून बंद. एक किलोने जरी उतरलीस तर बघ.

तुझी,
हेटी